कोणाच्या मापाने? : उतारवयातील श्रम मोजण्याचा इतिहास

मराठी घरांत व्यायामाचा हिशेब पूर्वापार संख्येने होत आला. किती जोर काढले, किती बैठका मारल्या, किती सूर्यनमस्कार घातले, असेच एकमेकांना विचारले जाई. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तोही नित्यनेम आणि आकडा यांच्या शिस्तीतून. वडोद्यात जुम्मादादांनी १८८० साली सुरू केलेली आणि पुढे प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेली तालीम, तसेच त्याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’, ही आपल्या स्थलांतरित मराठी समाजाने व्यायामाकडे किती गांभीर्याने पाहिले याची ठळक उदाहरणे होत.

तथापि संख्येने एवढेच कळते की काय केले. ते करताना देहावर किती भार पडला, हे संख्या सांगत नाही. वीस बैठका विशीतल्या तरुणाला खेळ वाटतील. पंचाहत्तरीतल्या गृहस्थाला त्याच वीस बैठका शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतील. संख्या तीच, श्रम निराळे. हा फरक मोजायचा कशाने, हा प्रश्न दिसायला साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकाची आणि शरीरशास्त्राची फार वर्षे गेली. आम्हांस या इतिहासात विशेष लक्षणीय वाटते ते असे, की मापे बहुधा तरुण पुरुषांच्या देहावर घेतली गेली आणि नंतर ती वृद्धांना, स्त्रियांना जशीच्या तशी लावली गेली. उसन्या मापाचा अंगरखा कुठे तंग होतो, कुठे ढगळ होतो. इथे प्रश्न कापडाचा नसून हृदयाचा होता.

प्रारंभ आपल्याच ग्रंथांपासून करणे उचित होईल. सुश्रुतसंहितेत व्यायाम बलाच्या अर्ध्याने करावा असे सांगितले आहे, आणि ते अर्धे बल ओळखण्याची खूणही दिली आहे. हृदयस्थानीचा वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार पाहून व्यायाम ठरवावा, असेही तेथे बजावले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच अर्धशक्तीचा दंडक घेतला, तो बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासाठी, थंडीच्या दिवसांत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा असा त्याचा सल्ला आहे.

या वचनांतील मार्मिक गोष्ट अशी, की येथे माप बाहेरचे नाही. ज्याची शक्ती, त्याचेच अर्धे. मल्लाचे अर्धे वेगळे आणि कारकुनाचे अर्धे वेगळे. परंतु एवढ्यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण त्याच वाग्भटाने बालक, अजीर्णाने पीडित आणि वातपित्ताचे रोगी यांच्याबरोबर वृद्धालाही व्यायाम वर्ज्य सांगितला. सुश्रुत म्हणतो की व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी झडप घालीत नाही; पण म्हातारपण आल्यावर काय, या प्रश्नाला वाग्भटाचे उत्तर ‘सोडून द्यावा’ असे आहे. ‘आता जपा, आता वाकू नका, जिने चढू नका’ ही आपल्या घरोघरची भाषा त्याच उत्तराच्या जवळची आहे. माप उत्तम होते. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, त्यालाच ते लावले गेले नाही.

नाडीचीही कथा अशीच उद्बोधक आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीला प्राण्यांच्या उपमा दिल्या आहेत : वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. वैद्य नाडीची चाल ओळखी. ठोके मोजणे हे त्याचे मुख्य काम नव्हते. मोजण्याची ओढ युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागते. पादुआचा वैद्य सांतोरिओ याने लंबकाच्या साहाय्याने नाडीचा वेग ताडण्याचे उपकरण योजले. पुढे १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ प्रचारात आणण्याचा यत्न केला. नाडीला आकडा मिळाला तो तेव्हापासून. चाल गेली आणि संख्या आली, हा लाभ होता तसा तोटाही होता, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

आपल्याकडे या दोन दृष्टींचा सांधा जुळविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत स्वामी कुवलयानंदांचे नाव अग्रभागी येते. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली वडोद्याजवळच्या डभोईचा. शारीरिक शिक्षण माणिकरावांच्या हाताखाली. १९२०-२१ च्या सुमारास वडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा देहावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिला. १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन झाल्यावर ‘योग-मीमांसा’ या त्रैमासिकातून असे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. देहाच्या आत काय घडते हे उपकरणाने पाहावे आणि मगच बोलावे, ही वृत्ती मराठी माणसांनी त्या काळी वडोद्यात आणि लोणावळ्यात दाखविली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा.

श्रमाची तीव्रता मोजण्याचे आधुनिक शास्त्र मात्र त्याच सुमारास दुसरीकडे आकार घेत होते. १९२३ साली ए. व्ही. हिल आणि हार्टली लुप्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी असे दाखविले, की धावण्याचा वेग वाढवीत नेला तर प्राणवायूचा वापरही वाढत जातो, परंतु एका मर्यादेनंतर तो आणखी वाढत नाही. ही मर्यादा म्हणजे त्या देहाची कमाल शक्ती. ती एकदा कळली की ‘अर्धी शक्ती’ हा शब्द आकड्यात मांडता येऊ लागला. मग अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या श्रमशास्त्र प्रयोगशाळेत सिड रॉबिन्सन यांनी सहा ते एक्याण्णव वर्षे वयाच्या ९३ जणांना फिरत्या पट्ट्यावर चालविले, पळविले आणि १९३८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वय वाढते तसतशी प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती उतरते आणि हृदयाचे जास्तीत जास्त ठोकेही कमी होत जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. वृद्धाच्या देहाचे माप घेण्याचा हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक. पण ते ९३ जण सगळे पुरुष होते.

१९५७ साली ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले, हे तेथील मराठी कुटुंबांना ठाऊकच आहे. योगायोगाने त्याच वर्षी फिनलंडमध्ये मार्ती कार्वोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला, ज्यातली रीत पुढे शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र पोचली. हृदयाचे कमाल ठोके वजा विसाव्याचे ठोके म्हणजे हृदयाची शिल्लक. त्या शिल्लकेचा ठरावीक हिस्सा विसाव्याच्या ठोक्यांत मिळवावा, म्हणजे व्यायामाचे लक्ष्य मिळते. उदाहरणार्थ कमाल १५०, विसाव्याचे ७०, शिल्लक ८०, तिचे अर्धे ४०, म्हणून लक्ष्य ११०. येथे अर्धशक्तीचा विचार पुन्हा भेटतो. मात्र हा अभ्यास झाला होता मोजक्या तरुण पुरुषांवर.

आता कमाल ठोके कसे काढायचे? प्रत्येकाला थकून पडेपर्यंत पळविणे शक्य नाही, आणि वृद्धांच्या बाबतीत ते धोक्याचेही असते. १९७१ साली सॅम्युएल फॉक्स, जॉन नॉटन आणि विल्यम हॅस्केल यांनी हृदयविकार टाळण्याविषयीच्या एका लेखात पूर्वीच्या थोड्या अभ्यासांतील आकडे आलेखावर मांडले. त्यातून निघालेली ‘२२० वजा वय’ ही वजाबाकी इतकी सोपी होती, की ती दवाखान्यांच्या भिंतींवर, व्यायामशाळांच्या तक्त्यांवर आणि पुढे मनगटी यंत्रांतही जाऊन बसली. त्या आलेखातील बिंदू विखुरलेले होते आणि सूत्र नजरेने काढलेल्या अंदाजाचे होते. लोकांनी ते फारच मनावर घेतले, असे हॅस्केल यांनी स्वतः पुढे सांगितले. २००२ साली रॉबर्ग्स आणि लँडवेर या संशोधकांनी या सूत्राचा मूळ शोध घेतला, तेव्हा त्यामागे कोणताही स्वतंत्र मूळ प्रयोग नसल्याचे निष्पन्न झाले.

त्याआधी एक वर्ष, २००१ साली, हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतील १८,७१२ व्यक्तींचे आकडे एकत्र करून दुसरे सूत्र दिले : २०८ वजा वयाचे सात-दशांश. २०१० साली शिकागो येथील मार्था गुलाटी यांनी ५,४३७ निरोगी स्त्रियांच्या चाचण्यांवरून तिसरे मांडले : २०६ वजा वयाचे ०.८८ पट. आता सत्तर वर्षांच्या एखाद्या आजी घ्या. पहिल्या सूत्राने त्यांचे कमाल ठोके १५०, दुसऱ्याने १५९, तिसऱ्याने सुमारे १४४. एकच हृदय, आणि तीन हिशेबांत पंधरा ठोक्यांचे अंतर! शिवाय कोणतेही सूत्र सरासरीच सांगते. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारांचा फरक असणे अगदी सामान्य आहे.

यात आणखी एक अडचण आली, ती औषधांची. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात प्रोप्रानोलॉल हे औषध निघाले आणि त्या कुळातली औषधे रक्तदाबासाठी, हृदयविकारासाठी जगभर दिली जाऊ लागली. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. ही औषधे हृदयाचा वेग आवरून धरतात. जो ती घेतो त्याची नाडी दमछाक झाली तरी तक्त्यावरच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. तो माणूस आकडा गाठण्यासाठी स्वतःला रेटू लागला, तर माप त्याला वाचविण्याऐवजी संकटात लोटेल. ज्यांची नाडी अनियमित चालते किंवा ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे, त्यांनाही ती वजाबाकी उपयोगाची नाही. साठीनंतर अशी माणसे घरोघरी असतात. म्हणजे हृदयाचा आकडा जेथे सर्वांत जपून वापरायला हवा, तेथेच तो सर्वांत कमी विश्वासार्ह ठरतो.

दुसरे माप प्राणवायूचे. १९४१ साली गॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेट’ हे एकक सुचविले : स्वस्थ बसलेल्या माणसाचा देह जितकी ऊर्जा खर्च करतो तितकी म्हणजे एक मेट. पुढे रूढी अशी पडली, की एक मेट म्हणजे देहाच्या दर किलोमागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू. हा आकडा चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या एका पुरुषावरून आला असे सांगितले जाते. १९९३ साली बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कामांचे मेट देणारी मोठी सूची प्रसिद्ध केली. तिच्यात खेळ होते तसे झाडणे, स्वयंपाक, बागकाम हेही होते. ज्या स्त्रियांनी आयुष्यभर जात्यावर दळले आणि विहिरीचे पाणी शेंदले, पण ‘व्यायाम’ कधी केला नाही असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्यांचे श्रम मोजण्याजोगे आहेत हे शास्त्राच्या वहीत अखेर नोंदले गेले, याचे महत्त्व आम्ही फार मानतो.

परंतु मेटचेही माप सर्वांना सारखे बसत नाही. तीन ते सहा मेटच्या मधले काम ‘मध्यम’ समजले जाते. सपाटीवर जरा झपझप चालणे हे साधारण तीन-साडेतीन मेटचे. ज्या तरुणाची कमाल शक्ती बारा मेटची आहे, त्याला ते एक-चतुर्थांशाच्या आसपास पडेल. ज्या आजोबांची कमाल शक्ती पाच मेटवर आली आहे, त्यांच्यासाठी तेच चालणे साठ-सत्तर टक्क्यांचे झाले. तक्ता दोघांनाही ‘मध्यम’ म्हणतो. आजोबा मागे पडतात, धापा टाकतात, आणि नातू म्हणतो, ‘अहो आजोबा, एवढ्याशा चालण्याने काय होते?’

या कोंडीतून वाट काढली ती एका मानसशास्त्रज्ञाने. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी १९६२ च्या प्रबंधात आणि १९७० च्या निबंधात एक विलक्षण साधी कल्पना मांडली : श्रम किती झाले हे ज्याने केले त्यालाच विचारावे. त्यांनी सहा ते वीस अशी पट्टी दिली. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, तेरा म्हणजे ‘थोडे कठीण’, वीस म्हणजे शक्तीची परमावधी. सहापासून आरंभ करण्याचे कारण असे, की निरोगी तरुण वा मध्यमवयीन माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहाने गुणले असता नाडीच्या ठोक्यांचा अंदाज यावा. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हा गुणाकार जुळत नाही. पट्टी मात्र जुळते. कारण वीस म्हणजे दोनशे ठोके नव्हेत, तर ‘माझ्याने याहून अधिक होणे नाही’ ही अवस्था होय, आणि ती प्रत्येकाची स्वतःची असते.

आरंभी अनेकांना हे माप कच्चे वाटले. माणसाच्या सांगण्यावर शास्त्र कसे उभे राहणार? हळूहळू प्रत्यय उलट आला. २००७ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या आणि हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी वृद्धांसाठी संयुक्त शिफारसी केल्या, तेव्हा तीव्रता शून्य ते दहाच्या अशाच पट्टीवर सांगितली : बसून असणे शून्य, सर्वस्व पणाला लावणे दहा; पाच-सहा म्हणजे मध्यम, सात-आठ म्हणजे जोरकस. त्याहून सोपी खूण बोलण्याची. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम. चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागते, तर श्रम जोरकस. श्वास मुखापर्यंत आला की अर्धे बल झाले, या सुश्रुताच्या खुणेशी याचे नाते कोणाही जाणत्याच्या लक्षात येईल. फरक इतकाच, की आता ही खूण वृद्धाला व्यायामापासून दूर ठेवण्यासाठी नसून त्याला व्यायामात घेण्यासाठी आहे.

वृद्धाला किती घेता येईल याची मर्यादाही याच काळात बदलली. १९९० साली बोस्टन येथे मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील सुमारे नव्वदीच्या दहा दुर्बल व्यक्तींना पायांच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. तोही हलका नव्हे. एका खेपेत जास्तीत जास्त उचलता येईल त्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. आठ आठवडे पुरे केलेल्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. ऐंशी टक्के, पण स्वतःच्या शक्तीचे. म्हणूनच ते सोसले. नॉर्वेतील त्रोन्हेइम येथे २०१२ पासून सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,५६७ जणांवर पाच वर्षे मोठा अभ्यास झाला. एका गटाला बोर्गच्या पट्टीवर तेराच्या आसपास, दुसऱ्याला सोळाच्या आसपास व्यायाम करावयास सांगितले होते. २०२० साली आलेला निष्कर्ष संयत आहे : देखरेखीखाली व्यायाम केलेले दोन्ही गट मिळून आणि नुसता नेहमीचा सल्ला मिळालेला गट, यांच्या मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. तीव्रता ही जादूची कांडी नव्हे, हे यातून दिसते. त्याचबरोबर सत्तरीपुढची शेकडो माणसे पाच वर्षांच्या अभ्यासात आपले श्रम स्वतः जोखू शकतात, हेही दिसले.

पावले मोजण्याचा हव्यास आज घरोघर पोचला आहे, म्हणून त्याविषयीही दोन शब्द. तोक्योच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधील यामासा कंपनीने ‘दहा हजार पावलांचे मीटर’ अशा अर्थाच्या नावाचे यंत्र बाजारात आणले. दहा हजार हा आकडा तेथून निघाला. तो विक्रीसाठी योजलेला आकडा होता, संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. २०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांचे मृत्युप्रमाण २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि सुमारे साडेसात हजारांनंतर लाभ वाढताना दिसला नाही. एकूण पावले जमेस धरल्यावर चालण्याच्या वेगाचा वेगळा परिणामही स्पष्ट दिसला नाही. तेव्हा दहा हजार होत नाहीत म्हणून घरी बसणाऱ्या आजींनी त्या आकड्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

अगदी अलीकडे, २०२४ साली, एन्सवर्थ यांच्या सूचीच्या परंपरेतच साठ वर्षांवरील माणसांसाठी स्वतंत्र सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात विसाव्याचे एकक ३.५ ऐवजी २.७ मिलिलिटर धरले आहे. आकड्यातला हा फरक लहान दिसतो. परंतु १९४१ पासून त्र्याऐंशी वर्षे जे माप दुसऱ्याच्या देहाचे होते, ते प्रथमच वृद्धाच्या देहावर बेतले गेले, ही घटना आम्हांस लहान वाटत नाही. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या व्यक्ती दहा कोटींहून अधिक होत्या. त्यांच्यासाठी, आणि विशेषतः आपल्याकडील स्त्रियांसाठी, असे मोजमाप इथल्याच देहांवर, इथल्याच कामांवर व्हावयास हवे. वडोद्याच्या रुग्णालयात शंभर वर्षांपूर्वी जी जिज्ञासा जागी झाली होती, तिचे हे उरलेले काम आहे.

तोवर प्रत्येक घराने करण्याजोगे थोडेसे आहे. हृदयाचा विकार, छातीत दुखणे, चक्कर अशी काही तक्रार असेल तर वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा. त्यानंतर आकडा ठरविण्याचा अधिकार तक्त्याला, यंत्राला किंवा उत्साही नातवाला न देता चालणाऱ्याकडेच ठेवावा. फिरून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ‘आज किती चाललात?’ असे विचारण्यापेक्षा ‘चालताना बोलता येत होते ना?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रही देऊ शकेल. दुसऱ्याचे फक्त तेच देऊ शकतात.